आंदोलनात बायकांना ‘पुढे करतात’ की बायका पुढे होतात?

कातळफूल

मे महिन्यात गावी गेले होते. राजापूर तालुका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, काकूच्या कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत. रात्री पडवीत सगळे बसलेले, फणस फोडणं चाललेलं, आणि विषय अर्थातच रिफायनरीचा. माझा चुलतभाऊ, जो एप्रिल २०२३ मध्ये पूर्णवेळ डोंबिवलीत होता, म्हणाला, "आपण बायकांना पुढे केलं म्हणून पोलीस थबकले. नाहीतर पहिल्याच दिवशी माती काढून मोकळे झाले असते."

काकू हाताला खोबरेल चोपडून गरे काढत होती. मान वर न करता तिनं विचारलंन, "आपण म्हंजे कोण रे? तू होतास?"

विषय तिथेच संपला, पण ते क्रियापद माझ्या डोक्यातून जाईना. पुढे करणे. सरकार म्हणतं, आंदोलक महिलांना पुढे करतायत. पोलीस तेच म्हणतात. आणि आमचे पुढारीही मुंबईतल्या सभेत छाती फुगवून सांगतात की आम्ही महिलांना पुढे ठेवलं होतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तिघांचं या एका वाक्यावर मात्र एकमत. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘महिलांचा लक्षणीय सहभाग’. सहभाग! लग्न दुसऱ्याच्या घरचं आणि आपण पंगतीत वाढायला गेलो, तसं वाटतं मला ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाणारच्या रिफायनरीसाठी भूसंपादनाची अधिसूचना २०१७ ची, ती मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. मग प्रकल्प बारसू-सोलगावकडे सरकला. २४ एप्रिल २०२३ ला बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणासाठी प्रचंड बंदोबस्त आला. जमावबंदी लागू. बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी शंभरावर लोकांना ताब्यात घेतलं, त्यात बायका भरपूर. २८ तारखेला अश्रुधूर. एप्रिलचा जांभ्याचा कातळ म्हणजे काय ते ज्याच्या पायांना माहीत आहे त्यालाच कळेल. चपलेतून चटका येतो. काकू आणि वाडीतल्या बाकीच्या त्या कातळावर झोपल्या होत्या, कमरेला कांदा खोचून, ऊन लागू नये म्हणून. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापलेल्या, गुरांना दिवसभराचं पाणी भरून ठेवलेलं.

हे सगळं कोणी ‘करवून’ घेतलं? तुमच्या भागात काय झालं होतं, तुमच्या आया-आज्यांनी काय सांगितलं, ते वाचायचंय. प्रकल्प चांगला की वाईट यावर वेगळे धागे आहेत, कृपया तिथे भांडा. (कोणी ऐकणार नाही हे माहीत आहे.)

---

परळचा_चाकरमानी

ताई, उगाच शब्दाचा कीस पाडताय. पुढे करणं ही नीती असते, त्यात अपमान कसला? पुरुष पुढे असले की पाच मिनिटांत लाठी. बायका असल्या की महिला पोलीस आणाव्या लागतात, सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, कॅमेरे येतात. आम्ही मुंबईत बसून वकील बघितले, वर्गणी काढली, तेही लिहा की.

---

कातळफूल

वर्गणी काढलीत, मान्य आहे, आणि काकूही ते मानते. पण बघा ना, तुमच्या वाक्यात पुरुष ‘असतात’ आणि बायका ‘असल्या’ की त्याचा उपयोग होतो.

---

दाभोळखाडी

परळकर, बायका पुढे असल्या की लाठी थांबते हे तुम्हाला कोणी सांगितलं? वेलदूरला येऊन विचारा.

३ जून १९९७. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाविरुद्ध गुहागर तालुक्यात तेव्हा वर्षभर धग होती. वेलदूर, अंजनवेल, रानवी, काताळवाडी ही गावं. जमावबंदी, प्रतिबंधात्मक अटका, तडीपारीच्या नोटिसा, राज्य राखीव दलाच्या गाड्या. त्या दिवशी पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले. पुरुष समुद्रावर. घरात बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. दारं तोडून बायकांना ओढून गाड्यांत घातलं. २६ बायका आणि १३ पुरुष अटकेत गेले. त्यात एक तीन महिन्यांची गरोदर होती, तिला न्हाणीघरातून ओढून काढून मारलं. हे मी सांगोवांगी लिहीत नाही. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याच वर्षी ते छापलं, आणि १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं एन्रॉनवर आख्खा अहवाल काढला. त्या बंदोबस्ताचे पैसे कंपनी सरकारला देत होती, हेही त्यात आहे.

आता विचार करा. पुरुष घरात नाहीत ती वेळ पोलिसांनी निवडली. म्हणजे पुढारी पकडायला आले नव्हते. गावाचा कणा कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना नव्हतं एवढंच.

मी तेव्हा चौथीत, दाभोळला. मावशी पलीकडे वेलदूरला. दुसऱ्या दिवशी आई तरीतून पलीकडे गेली आणि आठ दिवस परत आली नाही. मावशीच्या दंडावरचा वळ मी पाहिलाय, जांभळाच्या रंगाचा. नंतरची कितीतरी वर्षं घरात ‘तारीख’ हा शब्द कॅलेंडरचा नव्हता, कोर्टाचाच होता.

पुढची गंमत सगळ्यांना माहीत आहे. मे २००१ मध्ये ७४० मेगावॉटचा तो पहिला टप्पा बंद पडला, डिसेंबरात अमेरिकेत कंपनीचंच दिवाळं वाजलं. वीज महाग पडते, परवडत नाही, असं जे सरकारनं शेवटी मान्य केलं ते गावात आधीपासून बोललं जात होतं. मावशी हिशेबाला पक्की. टोपलीतल्या माशांचा भाव करता करता ती विजेच्या युनिटचा भावही करायची.

---

माहेरवाशीण

वाचून अंगावर काटा आला. लिहीत राहा.

---

नोकरी_पायजे

मी विरोधी मत मांडणार, शिव्या घालू नका.

आमच्या वाडीत २२ घरं, त्यातली १३ कुलूपबंद. शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी गडी, कारण पोरं गोरेगावला मॉलमध्ये उभी आहेत. माझी आई प्रकल्पाच्या बाजूनं होती. तिला वाटायचं, पोरगा घरी राहील, संध्याकाळी जेवायला असेल. ती कुठल्या मोर्च्यात गेली नाही, तिचा फोटो कुठे आला नाही. ‘कोकणातली बाई’ म्हटलं की तुम्ही फक्त रस्त्यावर झोपलेली धरता. माझ्या आईला कोणी विचारलं?

---

कातळफूल

नाही विचारलं, आणि ते चूकच आहे. तुमच्या आईला समर्थन समितीनं तरी विचारलं होतं का? की तिथेही ठेकेदार आणि माजी सरपंचच?

---

नोकरी_पायजे

ठेकेदारच. त्यात वाद नाही.

---

साडेसातबारा

महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. धाग्याचा प्रश्न कागदाच्या बाजूनं सांगतो, कारण मला तेवढंच येतं.

एमआयडीसीमार्फत भूसंपादन झालं की १९६१ च्या कायद्याच्या कलम ३२ खाली नोटिसा निघतात. नोटीस कोणाला? सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. कोकणातला सातबारा तुम्ही पाहिला असेल तर हसाल. आजोबा मरून चाळीस वर्षं झाली, नाव तेच. किंवा वारस नोंद झालीच असेल तर २७ हिस्सेदार, त्यातले २० मुंबईत. बहिणी? त्यांचं हक्कसोडपत्र झालेलं. तहसीलबाहेरच्या झाडाखाली अंगठा, संध्याकाळी भावाकडून एक साडी. कायदा २००५ मध्ये बदलला, मुलीला मुलासारखाच हक्क आला, तरी साडीचा भाव फारसा वाढला नाही. बायको तर सहसा नवरा गेल्यावरच कागदावर येते.

म्हणजे जी बाई भात लावते, काजू गोळा करते, गवत कापते, ती कागदानुसार त्या जमिनीची कोणी नाही. नोटीस तिला नाही, सुनावणीत ती नाही, संमतीपत्रावर तिची सही नाही. मुंबईतला हिस्सेदार व्हॉट्सअ‍ॅपवर सही करून पाठवू शकतो आणि तिला कळतं ते थेट मोजणीवाले दारात आल्यावर. रस्त्यावर आडवं होणं हीच काय ती तिची ‘हरकत’.

दुसरं उदाहरण देतो, आणि ते आपल्या विजयाचं म्हणून सांगितलं जातं. रायगडातला महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारनं जनमत घेतलं. जमीन द्यायची की नाही, थेट मतदान. देशात असं पहिल्यांदाच झालं. लोकांनी भरभरून नकार दिला आणि सेझ बारगळला. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांचं ते मोठं काम. मोर्च्यांत बायका किती होत्या ते वडखळ नाक्यावर कोणालाही विचारा. पण मतदान खातेदारांचं होतं. खातेदार म्हणजे सातबारावाला. मोर्च्यात चालली ती, आणि मत देणारा बहुतेक घरांत तो.

---

चिंबोरी

सातबाराकाका, हे भारी लिहिलंत. आणि खाडीचा सातबारा तर कोणाच्याच नावावर नाही. कालवं, तिसऱ्या, खुबे काढणाऱ्या बायका ओहोटीच्या वेळापत्रकावर जगतात. त्यांची जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. नुकसानभरपाईच्या तक्त्यात त्यांचा रकानाच नसतो.

---

नाट्याची_लेक

मी साखरी नाट्याची. हा धागा माझ्या भावानं पाठवला. मराठीत एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

जैतापूर अणुप्रकल्पाची जमीन गेली ती माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे इकडची, ९३८ हेक्टर. आमची जमीन गेली नाही, म्हणून आम्ही सरकारी भाषेत प्रकल्पग्रस्तच नव्हतो. आमचं गाव समुद्रावर जगतं. ९९०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं गरम पाणी ज्या समुद्रात सुटणार तो आमचा. पण समुद्राची नोटीस कोणाला काढणार?

२०१० च्या शेवटी जेलभरो झाला, पर्यावरणाची परवानगी आली, फ्रान्सच्या कंपनीशी करार झाला, सगळं दोन-तीन महिन्यांत. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा. आणि १८ एप्रिल २०११ ला आमच्या गावात पोलिसांचा गोळीबार. एक तरुण मच्छीमार गेला. त्याचं नाव पेपरात सगळीकडे आलंय, मी लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना ओळखते.

तेव्हा टीव्हीवाले आमच्या गल्लीत आले आणि म्हणाले, "बुरख्यातल्या महिलाही रस्त्यावर." ‘ही’. मला त्या ‘ही’चा फार राग आला होता. आम्ही रोज रस्त्यावरच असतो की. मासळी उतरते तेव्हा जेटीवर कोण असतं? कोळंबी सोलतं कोण?

वर विचारलंय, हे सगळं कोणी ‘करवून’ घेतलं. पुरुषांच्या बैठका झाल्या, रात्री, सतरंजी घालून, चहा, भाषणं. आमच्याकडे कोळंबी सोलायला पंधरा-वीस जणी बसतात. दोन तास हात चालू, तोंड चालू. कोणाच्या घरी तांदूळ संपले, कोणाचा नवरा बोटीवर आहे, पोलीस आले तर कोणाची पोरं कोणाकडे ठेवायची, कोण पळू शकत नाही, कोणाला बीपीची गोळी लागते, हे सगळं तिथे ठरलं. त्याला बैठक कोणी म्हणत नाही, कारण टोपलीचा वास येतो. पुरुषांच्या बैठकीत ‘चलायचं’ एवढं ठरतं. कसं चालायचं ते कोळंबीवर.

---

कातळफूल

नाट्याची_लेक, तुमची ही पोस्ट मी आमच्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवली. गप्प बसला. काकू म्हणाली, आमच्याकडे ते काजूवर होतं. बिया फोडताना.

---

जुना_प्रजासमाजवादी

वय ७८. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, टंकनातल्या चुका नातू सुधारतो.

हा राजापूर मतदारसंघ नाथ पैंचा आणि त्यांच्यानंतर मधू दंडवत्यांचा. आणीबाणी लागली तेव्हा दंडवते बंगळूरला होते, तिथेच पकडले, मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली. अडवाणी, वाजपेयी त्याच तुरुंगात. प्रमिलाताई येरवड्यात. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या, आणि मधे पत्रं, ती तुरुंगाधिकाऱ्यानं वाचूनच पुढे सोडायची. मिसाखाली कारण सांगावं लागत नसे. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हात वर केले, एकटे न्यायमूर्ती खन्ना सोडून. देशभरात ३५ हजारांच्या आसपास माणसं मिसाखाली आत होती.

मृणालताई गोरे आधी भूमिगत राहिल्या, मग सापडल्या, आणि त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकांतकोठडीत ठेवलं. या बाईचा गुन्हा काय? १९७२ च्या दुष्काळात महागाईविरुद्ध संयुक्त समिती काढली, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिलाताई यांच्याबरोबर. समाजवादी, कम्युनिस्ट, सगळ्या एकत्र. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत मोर्चे. पुरुष पुढारी तेव्हा हसले होते. ‘लाटणं मोर्चा’ हे नाव आधी टवाळीचंच वाटायचं, नंतर मंत्री त्या आवाजाला घाबरायला लागले. आणि त्या मोर्च्यांना कोणी ‘पुढे केलं’ नव्हतं, त्यांच्या त्याच निघाल्या होत्या.

आणि स्नेहलता रेड्डींचं नाव आज कोणाला आठवत नाही. कन्नड नटी. बडोदा डायनामाइट खटल्याच्या नावाखाली मे १९७६ मध्ये उचललं. दम्याचा आजार. बंगळूरच्या त्याच तुरुंगात दंडवते होते. रात्रीच्या शांततेत तिच्या किंकाळ्या आपल्या कोठडीपर्यंत येत, असं त्यांनी लिहून ठेवलंय. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडली आणि पाच दिवसांत गेली.

आता आमच्या गावचं. ७७ च्या प्रचारात वाडीवर पुरुष बोलायला घाबरत. मास्तर तर फारच, कारण नसबंदीच्या केसेस आणायचं दडपण त्यांच्यावर. महाराष्ट्रानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूरही करून टाकलं होतं, दिल्लीची संमती आली नाही म्हणून वाचलो. ही बातमी पेपरात नीट येत नव्हती, विहिरीवर येत होती. माझी वहिनी सही करायलाही न शिकलेली, पण कोणत्या गावात कोणाला नेलं, हे तिला माझ्याआधी कळायचं. मी पक्षाचा कार्यकर्ता! मतदानाच्या दिवशी पहाटे ती वाडीतल्या सगळ्या बायकांना घेऊन निघाली, पुरुष मागून आले. मुंबईत मग मृणालताईंवरून घोषणा झाली, पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में. ‘दिल्लीवाली’ही बाईच होती, हे विसरू नका. बाई म्हणून कोणी आपोआप आपल्या बाजूची होत नाही.

---

सरळ_बोलतो

आजोबांबद्दल आदर आहे, पण आणीबाणी आणि आजचं एका मापात मोजू नका. आज कोर्ट आहे, चॅनल आहेत, तुम्ही इथे बसून सरकारला शिव्या घालताय आणि कोणी उचलत नाही. ‘दडपशाही’ हा शब्द स्वस्त झालाय.

---

साडेसातबारा

एका मापाचं नाही, मान्य. मिसात दीड-दोन वर्षं आत. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १५१ खाली, प्रतिबंधात्मक अटकेत, एक रात्र किंवा एक दिवस. पण ज्या बाईची म्हैस दुभती आहे, तिच्यासाठी एक रात्र किती असते? कलम मोठं नको, वेळ नेमकी लागते. मोजणीच्या आदल्या दिवशी नोटीस, मोजणी संपली की सोडलं. तालुकाबंदी, जमावबंदी, बॉण्ड, हे सगळं कायद्यातच बसतं. मी स्वतः असे कागद हातावेगळे केले आहेत. कोणत्या ठिकाणी ते विचारू नका, झोप तशीही कमी लागते.

---

बांद्याचो_झील

दडपशाही बघूची आसात तर आमच्या शेजाराक बघा. माझ्या आजीचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. तेव्हा पलीकडे पोर्तुगालच्या सालाझारचं राज्य. सभा तर सोडाच, लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे दाखवूनच छापायची. १८ जून १९४६ ला लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले, तेव्हा पोलिसांपुढे जाऊन ‘जय हिंद’ म्हणणाऱ्यांत वत्सला कीर्तनी होत्या.

६ एप्रिल १९५५ ला म्हापशात बंदी मोडून अधिवेशन भरवलं, अध्यक्षा सुधाताई जोशी. अध्यक्षा, बरं का, सहभागी नव्हे! उभ्या राहिल्या आणि अटक. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आमच्या वेशीवर, पत्रादेवीला, तिरंगा धरलेल्या सहोद्रादेवी राय यांना गोळी लागली. मध्य प्रदेशातून आलेली बाई. तिच्या पुढे झाला तो पंजाबचा कर्नेल सिंग बेनिपाल, तो तिथेच गेला. स्मारकावर आम्ही दरवर्षी जातो.

आणि आंबोलीचं तर कोणालाच माहीत नसतं. पर्यटक धबधब्याखाली भिजून, भजी खाऊन परततात. त्याच जंगलात १९५५ च्या नोव्हेंबरात लिबिया लोबो आणि वामनराव सरदेसाई यांनी गुप्त रेडिओ सुरू केला. नंतर कॅसलरॉकला हलवला. पोर्तुगीज आणि कोकणीत बातम्या, १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, सलग सहा वर्षं. गोवा मुक्त झाला तेव्हा दोघांनी विमानातून लाउडस्पीकरवर लोकांना सांगितलं. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ मध्ये, वयाची शंभरी झाल्यावर. आपल्याकडे कागद हळूच चलता!

आजी सांगायची, पेडण्याला तो रेडिओ लावताना तिची बहीण दार लावून बाहेर पायरीवर भात निवडत बसायची. कोणी आलं की सूप जोरात आपटायची.

---

माहेरवाशीण

सूप आपटणारी बहीण!! तिचं नाव कुठल्या यादीत असणार.

---

अलिबागकर_पण_पर्यटक_नव्हे

चरीचा संप कोणी कसा काढला नाही अजून? नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं २७ ऑक्टोबर १९३३ ला ठरलं, खोताची जमीन कसायची नाही. २५ गावं, आणि संप १९३९ पर्यंत. सहा वर्षं जमीन पडीक. इतका लांबलेला शेतकरी संप विरळाच. त्यातूनच बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयक आणलं, जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला.

इतिहासात सभा येतात, विधेयक येतं, मोर्चा येतो. मला लहानपणी एकच प्रश्न पडायचा, सहा वर्षं खाल्लं काय? माझी पणजी चरीजवळची. डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणायच्या, अलिबागच्या बाजारात विकायच्या, खाडीत चिंबोऱ्या, निवट्या धरायच्या, मिळेल त्या भाजीत पेज. सहा वर्षं संप टिकला तो या मोळ्यांवर. पणजोबा सभेला जायचे, तेही खरंच. पण सभेहून आल्यावर पेज कोणी दिली?

---

परळचा_चाकरमानी

बरं. एक प्रामाणिक प्रश्न. संघर्ष समितीत आमच्या गावातून ११ जण, त्यात बाई एक. ती पण कधी बोलत नाही. जागा देऊन बोलत नसतील तर काय करायचं?

---

नाट्याची_लेक

बैठक रात्री नऊला ठेवता ना? भाकरी करायची वेळ.

---

दाभोळखाडी

+१. आणि ‘सगळे बोलले, आता वहिनी दोन शब्द’ असं म्हणता ना?

---

परळचा_चाकरमानी

दोन्ही खरं आहे. च्यायला.

---

साडेसातबारा

ग्रामपंचायत कायद्यात प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली असं लिहितात. तीच सभा खरोखर भरवा. दुपारी तीनला. ठराव नीट लिहा, तारीख-वार, किती हजर, कोणी सुचवला, कोणी अनुमोदन दिलं. प्रत ग्रामसेवकाच्या सहीशिक्क्यासह घ्या. पुढे हायकोर्टात फोटोपेक्षा तो कागद जास्त बोलतो. वारस नोंदी राहिल्या असतील तर त्याही करून घ्या, आणि बहिणींनो, साडी नको म्हणा.

---

नोकरी_पायजे

महिला सभा खरंच भरली तर माझी आई पण येईल. विरोधात बोलेल, चालेल ना?

---

कातळफूल

चालेल काय, यायलाच हवी. काजू फोडायला पण या म्हणावं.

काल काकूला सगळा धागा वाचून दाखवला, दोन संध्याकाळी लागल्या. मधेच थांबवून विचारायची, ही वेलदूरची कोण, हिचं सासर कुठलं. ‘पुढे केलं’ यावर तिचं म्हणणं विचारलं, तर म्हणाली, "मी पुढे गेलंय कारण माझं घर सड्याच्या तोंडाला. पहिली गाडी माझ्या दारावरून गेली. मागे कोण येतंय ते मी बघितलंच नाय." मग थोड्या वेळानं, "पण मागे बघितलंन असतं तर बरा झाला असता. भाकऱ्या कमी पडल्या."

तिची पुढची तारीख १४ला आहे. पहाटेची एसटी, दिवसभर बाहेर बसून राहायचं, नाव पुकारलं की हजेरी, आणि परत. पाठ धरते. दाभोळखाडी, तुमच्या मावशीची इतकी वर्षं गेली कोर्टात, तिला विचाराल का, जाताना काय काय घेऊन जायच्या?

---

दाभोळखाडी

आत्ताच फोन केला. मावशी म्हणते: बसायला गोधडीचा तुकडा, बाक असेलच असं नाही. घावणे न्यायचे, चटणी वेगळी, ओली नको, उन्हात आंबते. वकिलाचा नंबर कागदावर लिहून पोलक्यात ठेवायचा, मोबाइल बंद पडतो. एकटीनं जायचं नाही. आणि शेजारी जी बसेल तिची केस कसली आहे ते विचारायचं, दिवस लवकर जातो.

काकूंचा नंबर खासगी निरोपात पाठव. मावशीलाच बोलायचंय.